डबा नंतर, नियम आधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी खेळ तयार करून विकण्याविषयी मजकूर आला होता. तो चांगलाच होता, मात्र त्यात डबा, चित्रं आणि इन्स्टाग्रामवरची जाहिरात यांना जेवढी जागा मिळाली, तिच्या पावपटही नियमांच्या वाट्याला आली नाही. फाशांच्या खेळात पाणी मुरतं ते नेमकं तिथंच. आम्ही दोघं या कामाच्या दोन टोकांना आहोत: एक नियम आणि गणिताकडे, दुसरा छपाई आणि डब्यांकडे. दोन्हीकडून दिसतं ते एकच, की डबा आधी छापला जातो आणि खेळ नंतर तपासला जातो. हजार डबे घरात येऊन पडल्यावर खेळ रटाळ निघाला, तर त्या डब्यांचं करायचं काय?

सगळ्यांच्या ओळखीचा नियम घेऊ: सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर काढायची नाही. लुडोवर वाढलेला माणूस नवा खेळ रचताना हा नियम डोळे मिटून उचलतो. आता हिशेब पाहा. एका पाळीत एकदा फासा टाकायचा असेल, तर सहा न पडण्याची शक्यता ५/६. लागोपाठ सहा पाळ्या सहा न पडण्याची शक्यता साधारण साडेतेहतीस टक्के. सहा जण खेळायला बसले, तर त्यांतला निदान एक जण सहाही पाळ्या कोरडा राहील याची शक्यता होते ९१ टक्के. म्हणजे दहांतल्या नऊ बैठकींत कुणीतरी अर्धा खेळ नुसता बघत बसणार, आणि तो आठ वर्षांचा असला तर सातव्या पाळीपर्यंत टीव्हीकडे गेलेला असणार. ‘एक किंवा सहा पडलं की बाहेर’ असं केलं तर एका माणसापुरती ही शक्यता नऊ टक्क्यांच्या आत येते. लोक इथं खूश होऊन थांबतात. पण सहा जणांत कुणीतरी अडकण्याची शक्यता तरीही ४२ टक्के उरतेच. म्हणून खरा उपाय वेगळा: दोन पाळ्या कोरड्या गेल्या की तिसऱ्या पाळीला फासा न टाकताच सोंगटी बाहेर. नशिबाला वेसण घालणारा असा एखादा नियम घरगुती खेळात हवाच.

दुसरा लोकप्रिय प्रकार हावेचा. फासा टाकत राहायचं, पडेल ते दान पाळीच्या बेरजेत मिळवायचं, वाटेल तेव्हा थांबून ती बेरीज वहीत मांडून घ्यायची. पण मध्येच एक पडला तर त्या पाळीची सगळी बेरीज गेली. नियम एका वाक्याचा, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना लगेच कळणारा. पण त्याचं गणित रचणाऱ्याला माहीत हवं. एका फाशावर पुढच्या फेकीत २ ते ६ पडून मिळण्याची सरासरी २०/६ आणि गमावण्याची सरासरी हातातल्या बेरजेचा सहावा हिस्सा. दोन्ही बाजू सारख्या होतात त्या हातात २० असताना. म्हणजे २० च्या खाली टाकत राहावं, २० झाले की थांबावं. हे एकदा कळलं की चुणचुणीत पोरं यंत्रासारखं खेळतात आणि हावेची गंमत संपते.

दोन फासे घेतले तर? निदान एका फाशावर एक पडण्याची शक्यता ११/३६, म्हणजे तीस टक्क्यांच्या वर, आणि एक न पडलेल्या फेकीची सरासरी ८. थांबण्याची जागा २० वरून साधारण १८ वर येते. फरक दिसायला लहान, पण पाळीची लांबी बदलते. एका फाशावर पाळीत सरासरी पावणेचारच्या आसपास फेकी होतात, दोन फाशांवर सव्वादोनही होत नाहीत. पाळीमागे मिळकत दोन्हीकडे आठच्या घरात. म्हणून सहा जणांच्या घरासाठी दोन फासे बरे. दर माणसाची वाट पाहण्याची वेळ कमी होते. आणि लक्ष्य १०० ठेवण्याचा मोह आवरावा. पाळीला आठ धरले तर १०० ला बारा-तेरा फेऱ्या, म्हणजे सहा जणांत पाऊणशे पाळ्या, अर्धा तास सहज. ६० ठेवलं तर आठ फेऱ्यांत उरकतं. घरगुती खेळ वीस मिनिटांत संपून ‘अजून एक’ असं म्हणवून घेणारा असावा. पाऊण तास चालणारा खेळ एकदाच उघडला जातो.

यंत्रासारखं खेळणं मोडायचं तर निर्णयात दुसऱ्याची परिस्थिती यायला हवी: शेवटच्या फेरीत पुढे असणाऱ्याला गाठायचं असेल तर २० वर थांबून भागत नाही, मग हाव धरावीच लागते. त्यासाठी ‘कुणी ६० ला पोचला की बाकीच्यांना एकेक पाळी’ हा नियम लागतो. त्यानं पहिल्या बसणाऱ्याचा फायदाही जातो, एका दगडात दोन पक्षी. हा नियम नसलेले कितीतरी खेळ आमच्या पाहण्यात आहेत, आणि त्यांत पहिल्या जागेवरून भांडणं होतात.

चाचणीसाठी काही छापू नये. लाकडाचे कोरे ठोकळे, मार्कर, शाळेची वही, एवढं पुरतं. एका वेळी एकच नियम बदलावा. दोन बदलले तर सुधारणा कशानं झाली हे कळत नाही. दर बैठकीची नोंद ठेवावी: माणसं किती, वेळ किती, जिंकणारा कितीनं पुढे होता, कोरड्या पाळ्या किती, आणि आपण हरलो हे शेवटच्या माणसाला कोणत्या फेरीत कळलं. हा शेवटचा आकडा सगळ्यांत बोलका. खेळ आठ फेऱ्यांचा आणि चौथ्या फेरीतच एक जण हताश, म्हणजे गुणांची मांडणी चुकली.

मग खरी परीक्षा. खेळ कधी न पाहिलेल्या घरात नियमांचा कागद आणि फासे ठेवायचे, आणि रचणाऱ्याने तोंडाला कुलूप लावून कोपऱ्यात बसायचं. शंका विचारली तरी उत्तर द्यायचं नाही, फक्त ती लिहून घ्यायची. मित्र आणि नातेवाईक या कामी निरुपयोगी, कारण ते कौतुक करतात आणि नियम तोंडी ऐकलेले असतात. पहिल्या कागदावर हमखास अडतं ते अशा जागी: फासा सतरंजीच्या सुरकुतीत तिरका पडला तर? फासा कॉटखाली गेला तर? दोघांचे गुण सारखे झाले तर? कुणी मध्येच उठून गेलं तर? कागदावर आधी जिंकायचं कसं ते लिहावं, मग सुरुवातीला कुणाकडे काय, मग एक पूर्ण पाळी उदाहरणासह, मग शेवट. ‘पाळी’, ‘फेरी’ आणि ‘डाव’ हे तीन शब्द तीन ठरावीक अर्थांनीच वापरावेत, आलटूनपालटून नाही. आपल्याकडे इंदुरात शेजारपाजार हिंदी बोलणारा, तेव्हा कागदाच्या दुसऱ्या बाजूला हिंदी नियम हवेतच. पण त्यांची चाचणी स्वतंत्र करावी. मराठी कागद पास झाला म्हणून हिंदीही झाला असं होत नाही.

आता फासे. बाजारात सर्रास मिळणारा प्लास्टिकचा फासा १६ मिलिमीटरचा असतो. सत्तरीच्या माणसांसाठी १९-२० मिलिमीटरचा घ्यावा, ठिपके लांबून दिसतात. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात आहे ना, हे दर पोत्यातले मूठभर काढून पाहावं. स्वस्त मालात चुकीचेही सापडतात. आत हवेचा बुडबुडा राहिला तर फासा एका बाजूला जड होतो. ते तपासायला पेलाभर कोमट पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घालावं आणि फासा त्यात सोडावा. एबीएस प्लास्टिकचा फासा तरंगतो, ॲक्रिलिकचा संपृक्त पाण्यात जेमतेम. टिचकी मारून फिरवला आणि दर वेळी तीच बाजू वर आली, तर तो फासा बाद. काही जड प्लास्टिकचे फासे मिठाच्या पाण्यात तरंगतच नाहीत. त्यांना ही परीक्षा लागू नाही, ते टाकूनच पाहावे लागतात. एक फासा ६०० वेळा टाकला तर दर बाजू सरासरी १०० वेळा यावी. ८२ ते ११८ च्या दरम्यान येणं नेहमीचं. सहाही बाजूंसाठी १०० पासूनचा फरक काढून त्याचा वर्ग करावा, सगळे वर्ग मिळवून १०० ने भागावं. उत्तर ११ च्या वर गेलं तर त्या फाशावर संशय घ्यावा आणि पुन्हा मोजावं. हे काम कंटाळवाणं आहे, पण कॉलेजातल्या दोन पोरांना चहा-पोहे देऊन एका दुपारी होतं.

चित्रांचे फासे हवे असतील तर पहिल्या खेपेला साचा बनवण्याच्या फंदात पडू नये. साच्याचा खर्च काही हजार फाशांवर वाटला तरच परवडतो. कोरे फासे आणि स्टिकर हा मधला मार्ग, पण कागदी स्टिकर घामाच्या हातांनी महिन्याभरात सुटतात. विनाइलचे, कोपरे गोल केलेले, आणि फाशाच्या बाजूला खाच असली तर खाचेत बसणारे घ्यावेत. काठापर्यंत आलेला स्टिकर नखाला लागतोच. खुणा लाल-हिरव्या रंगांच्या भरवशावर ठेवू नयेत. बऱ्याच पुरुषांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत, तेव्हा रंगाबरोबर आकारही वेगळा हवा.

लाकडी फाशांबद्दल विचारणा फार होते. नर्मदाकाठच्या बुधनीची लाखेची खेळणी आपल्या मध्य प्रदेशाची शान आहेत, पण ते काम चरकावरचं (लेथवरचं), म्हणजे गोल वस्तूंचं. तिथून सोंगट्या आणि फासे हलवायचा पेला करून घ्यावा, देखणा होतो. चौकोनी फासा हा चरकाचा जिन्नस नव्हे. शिवाय लाकडाचे रेषे एका दिशेनं जातात, पावसाळ्यात ओल धरून एका अंगानं फुगतात, आणि घासताना कोपरे कमी-जास्त होतात. सारीपाटाच्या लांबट फाशांना चारच बाजू असतात आणि कवड्यांत तर दानं समसमान नसतातच. त्या खेळांचे नियम तो असमतोल धरूनच बसवलेले आहेत. घनाच्या सहा बाजू सारख्या धरून रचलेल्या खेळाला ती सवलत नाही.

छपाईचं थोडक्यात, पण इथं पैसे जातात. शंभरापर्यंत प्रती डिजिटलवर काढाव्यात. ऑफसेटला चार रंगांच्या प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च ५०० ला तोच आणि १००० लाही तोच, म्हणून प्रेसवाला नेहमी म्हणतो, ‘हजारच घ्या’. पहिल्या खेपेला घेऊ नका. गुणांच्या वहीला ७० किंवा ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे लिहिण्या-छापण्याचा साधा कागद, ५० पानं, वरून डिंकबंद. ग्लॉसी आर्ट पेपर नको, त्यावर पेन्सिल उमटत नाही. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जाणारी जास्तीची छपाई) सोडलं नाही तर कापताना पांढरी रेघ राहते. साध्या घडीच्या डब्याला ३०० ते ३५० जीएसएमचा बोर्ड चालतो, मात्र मुख्य घडी बोर्डातल्या तंतूंच्या दिशेनं पडेल असं आखावं. आडवी पडली तर क्रीज करूनही (घडीची रेघ आधी दाबूनही) लॅमिनेशन तडकू शकतं. जाड पुठ्ठ्याचा डबा हवा असेल तर पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी कागद चढवायला सांगावं. एकाच बाजूनं चढवला की खळ वाळताना पुठ्ठा त्या अंगाला ओढला जातो आणि झाकण धनुष्यासारखं वाकतं. जुलैत तर हटकून. झाकणाची उंची पाच सेंटीमीटर ठेवून आत फेल्ट लावलं, तर तेच फासे टाकायचा थाळा होतं, आणि फरशीवरचा खडखडाट वाचतो, फ्लॅटमध्ये ही लहान गोष्ट नाही.

आकार ठरवताना कुरिअरचा हिशेब आधी करावा. बहुतेक कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि खरं वजन त्याहून कमी असलं तर हा आकडा धरतात. २० × २० × ५ चा डबा ४०० ग्रॅम, २५ × २५ × ६ चा ७५०. अर्ध्या किलोच्या आत राहिलात तर निम्मी लढाई जिंकलीत.

कायद्याकडे काणाडोळा नको. खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठी असलेल्या वस्तूवर आयएसआय खूण हवी आणि ती आयएस ९८७३ या भारतीय मानकाच्या चाचण्यांत उतरायला हवी: पहिला भाग तुटणं, टोकं, लहान सुटे भाग यांचा, दुसरा पेट घेण्याचा, तिसरा रंगातल्या शिशासारख्या घातक द्रव्यांचा. ‘फक्त लहान मुलांसाठी’ असं नव्हे. मोठ्यांबरोबर मुलांसाठीही असेल तरी व्याख्या लागू होते. यातून सुटायला डब्यावर ‘१४+’ छापण्याची पद्धत पडली आहे. वर वाघ-ससे, आत ‘आजी-नातू खेळा’ आणि कोपऱ्यात ‘१४+’ हा मखलाशीचा प्रकार आहे आणि तपासणीत तो टिकेल अशा भरवशावर राहू नये. बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा निदान दोन लाखांचा दंड आहे. परवानाधारक खेळणी कारखान्याकडून त्याच्या परवान्याखाली माल करून घेणं हा लहान माणसाला परवडणारा सरळ मार्ग. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला सूट आहे, पण ती कारागिराची आहे, त्याच्याकडून पेले विकत घेणाऱ्या तुमची नाही. शिवाय डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, नग, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापणं बंधनकारक आहे.

‘कल्पना चोरली जाईल’ या भीतीनं चाचणीच न करणारेही भेटतात. खेळण्याच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट मिळतच नाही. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(एम) तसं स्पष्ट म्हणतं. लिहिलेला नियमांचा मजकूर आणि चित्रं यांना कॉपीराइट असतो, नावाला ट्रेडमार्क मिळतो (खेळ-खेळण्यांचा वर्ग २८, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे ४,५०० रुपये). तेव्हा नाव जपा आणि खेळ बिनधास्त दाखवा. पैशांवर मात्र खेळायला लावू नका. प्रवेश फी घेऊन रोख बक्षिसाची स्पर्धा तर मुळीच नको. १८६७ च्या जुगार कायद्यातली कौशल्याच्या खेळाची सवलत फाशांच्या नशिबाला मिळेल असं धरून चालणं धाडसाचं आहे.

पैशांचं गणित उलटं, किमतीकडून करावं. समजा एक डबा हातात पडेपर्यंत ११० रुपये लागले आणि किंमत २५० ठेवली. लुडो-कॅरमच्या वर्गावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे (आपला खेळ त्याच वर्गात बसतो का, हे सीएला विचारावं). कर वजा जाता २३८ उरले, दुकानदारानं ४० टक्के घेतले की १४३. हातात ३३, आणि त्यातूनच फुटलेले डबे, नमुने, येणं-जाणं. ४५० ठेवली तर त्याच हिशेबानं १४७ उरतात. स्वस्त ठेवलं की खपेल, या समजुतीनं पहिली खेप पुरी विकूनही माणूस दुसरी छापू शकत नाही. राणीपुऱ्यातल्या ठोक मालाशी किमतीत स्पर्धा करायला जाऊच नये, तिथं लुडो कुठल्या भावात जातो ते एकदा पाहून यावं म्हणजे हौस फिटेल.

वेळ कुठली साधावी? दिवाळी सगळे म्हणतात, पण दसऱ्यापासून प्रेस कॅलेंडर, डायऱ्या आणि लग्नपत्रिकांनी भरलेले असतात. काम ऑगस्टमध्येच द्यावं. गणेशोत्सवात मंडळाच्या आवारात टेबल टाकून लोकांना खेळवणं उत्तम, मात्र अनंत चतुर्दशी सोडून. त्या रात्री इंदूर मिरवणुकीतल्या झांक्या (सजवलेले देखावे) बघायला रस्त्यावर असतं. विक्रीसाठी टेबलावर डब्यांची उतरंड रचण्यापेक्षा एक उघडा खेळ, चार खुर्च्या आणि पाच मिनिटांत संपणारा छोटा डाव ठेवावा. उभा माणूस डबा हातात घेऊन बघतो आणि परत ठेवतो. बसलेला माणूस निदान एक पाळी खेळतो.

आपल्याला एक विनंती. मे महिन्याच्या सुट्टीत रविवार पुरवणीत पाव पान अशा नव्या खेळांना द्यावं. एका वेळी एकच खेळ: अडीचशे शब्दांत नियम, खाली दोन कॉलम रुंदीचा गुणांचा तक्ता, आणि लुडोच्या डब्यातले दोन फासे पुरतील एवढीच सामग्री. सोबत तीन प्रश्न छापावेत: खेळ किती मिनिटं चालला, नियम कुठे अडले, दुसऱ्यांदा खेळलात का. आलेली उत्तरं कापछाट न करता रचणाऱ्याकडे पाठवावीत. रचणाऱ्याला न ओळखणारी आणि त्याचं मन राखण्याची गरज नसलेली दोन-चारशे घरं एका सकाळी गाठणं गावात दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नाही. तक्ता न्यूजप्रिंटवर पेन्सिलीनं भरता यावा म्हणून त्याच्या मागच्या बाजूला गडद जाहिरात येणार नाही, एवढं मात्र पान लावणाऱ्यांना सांगून ठेवावं.

आपले,
दोन वाचक
रामबाग, इंदूर